समाधान आणि तुष्टी: वाढ नेमकी कशाने थांबते?

एका 39 वर्षांच्या संगणक अभियंत्याने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांपूर्वी दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आल्यापासून ते रोज सकाळी तासभर ध्यान करतात. पूर्वीची धावपळ, अर्ध्या रात्री येणारी जाग, सहकाऱ्याला बढती मिळाली की दिवसभर टोचत राहणारी भावना, हे सारे आता ओसरले आहे. मात्र याच काळात त्यांनी गटप्रमुखाची जागा दोनदा नाकारली, तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाल्यावर पुढच्या विशारद परीक्षेसाठी सुरू केलेला रियाज सोडून दिला, आणि नवीन काही शिकावे ही ओढच उरली नाही. पत्नी म्हणते, ‘‘तू शांत नाही झालास, तू थांबला आहेस.’’ लाभलेले हे खोल समाधानच आपली वाढ रोखते आहे का, असे ते विचारतात.

गेली 26 वर्षे मी सांगली-मिरज परिसरात समुपदेशक म्हणून काम करते आणि त्यातील 18 वर्षे सकाळचा योगवर्गही घेते. दोन्ही ठिकाणी हा प्रश्न माझ्यापुढे आला आहे. कधी पस्तिशीतल्या नोकरदारांकडून, कधी मुले मार्गी लागलेल्या गृहिणींकडून, तर कधी निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या शिक्षकांकडून. माझे उत्तर आधीच सांगते. खोल समाधानाने माणसाची वाढ थांबत नाही. ती थांबते समाधानासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका अवस्थेने, आणि त्या अवस्थेला आपल्याकडे फार जुने नाव आहे. समाधानाची काही किंमत मोजावी लागते, हेही तितकेच खरे आहे, आणि केवळ आपल्याला धीर देण्यासाठी ती किंमत मी लपवणार नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियम एका ओळीत येतात: शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. वर्गात हे सूत्र शिकवताना मी दरवेळी या क्रमापाशी थांबते, कारण संतोषाच्या लगेच पुढचा शब्द तप हा आहे आणि त्याच्या पुढचा स्वाध्याय. संतोष आला की कष्ट आणि अभ्यास संपले असे सूत्रकारांना वाटत असते, तर त्यांनी हे तिन्ही एकाच माणसाने एकाच वेळी पाळायचे नियम म्हणून शेजारी शेजारी ठेवले नसते. या सूत्रांवरच्या व्यासभाष्यातील संतोषाची व्याख्याही फार काटेकोर आहे: ‘सन्निहितसाधनादधिकस्यानुपादित्सा’, म्हणजे हाताशी असलेल्या साधनांपेक्षा अधिक काही गोळा करण्याची इच्छा नसणे. येथे संतोष साधनांच्या बाबतीत सांगितला आहे, साधनेच्या बाबतीत नाही. जी चटई आहे तिच्यावर बसावे, अधिक चांगल्या चटईची वाट पाहू नये, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. बसण्याची गरज नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. योगाची तात्त्विक बैठक ज्या सांख्यदर्शनातून आली, त्यातील ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेत ‘तुष्टी’ नावाचा एक वर्ग आहे. तिचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि त्यानंतर लगेच विपर्यय (चुकीचे ज्ञान), अशक्ती (असमर्थता) व तुष्टी हे तिन्ही सिद्धीवरचे, म्हणजे साध्य गाठण्यावरचे, अंकुश आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे. योगसूत्रे ज्या संतोषातून अनुत्तम, म्हणजे सर्वोच्च, सुखाचा लाभ होतो असे सांगतात, त्याच्याशी नावाने इतकी जवळीक असलेली अवस्था सांख्यकारांनी अडथळ्यांच्या यादीत बसवली आहे. संतोष आणि तुष्टी हे दोन्ही शब्द एकाच ‘तुष्’ धातूपासून आले आहेत. म्हणूनच त्या दोन अवस्था माणसाच्या मनातही एकमेकांत मिसळतात, आणि त्या वेगळ्या करणे हेच आपल्या प्रश्नाचे मुख्य काम आहे.

नऊ तुष्टींपैकी चार आतल्या आहेत: प्रकृती, उपादान, काल आणि भाग्य. भाष्यकारांनी त्या उलगडून सांगितल्या आहेत, आणि त्या वाचताना माझ्यासमोर समुपदेशनाच्या खोलीतली माणसेच उभी राहतात. ज्ञान हा प्रकृतीचाच परिणाम आहे, ते प्रकृती करून देईल, मी वेगळा अभ्यास कशाला करू, ही पहिली. आजच्या भाषेत ‘माझा स्वभावच असा आहे, जे उमलायचे ते आपोआप उमलेल’. बाह्य चिन्हे धारण केली, म्हणजे संन्यास घेतला, दंड-कमंडलू हाती आले, की काम झाले, ही दुसरी. सहा शिबिरे केली, माळ घेतली, खोलीचा एक कोपरा ध्यानासाठी राखला आणि त्यातच ‘मी साधक आहे’ ही ओळख पक्की झाली, की तीच तुष्टी आज दिसते. वेळ आली की होईल, ही तिसरी. नशिबात असेल तर होईल, ही चौथी. चारही वाक्ये शांत आवाजात बोलली जातात, चारही ऐकायला समंजस वाटतात, आणि चारही वाक्यांच्या शेवटी माणूस काहीच करत नाही.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाच्या आहेत उरलेल्या पाच बाह्य तुष्टी. विषय मिळवण्यात कष्ट आहेत, मिळाल्यावर सांभाळण्यात त्रास आहे, सांभाळले तरी ते नाश पावतात, उपभोगाने हाव वाढते, आणि दुसऱ्याला दुखावल्याशिवाय उपभोग होत नाही, असे पाहून माणूस विषयांकडे पाठ फिरवतो आणि त्यातच समाधान मानून राहतो. वरवर पाहता हे वैराग्यच वाटते, आणि यातील निरीक्षणही खोटे नाही. तरीही सांख्यकार याला तुष्टीच म्हणतात, कारण येथे माणूस कटकट टाळून थांबला आहे, काही जाणून घेऊन पुढे गेलेला नाही.

आपण गटप्रमुखाची जागा दोनदा नाकारलीत. त्याचे कारण आपण एका वाक्यात दिले आहे, ‘‘डोकेदुखी नको होती.’’ हे वाक्य मी तीनदा वाचले. ती जागा नाकारणे चूक होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या कामाचा गाभा जर संगणकप्रणाली लिहिणे हा असेल आणि ती जागा आपल्याला माणसांच्या रजा व मूल्यमापनाचे तक्ते सांभाळायला लावणार असेल, तर ती नाकारण्यात शहाणपण असू शकते. पण ‘मला माझ्या कामात अधिक खोल जायचे आहे, म्हणून ही जागा नको’ आणि ‘डोकेदुखी नको, म्हणून ही जागा नको’ या दोन नकारांची पत्रे शब्दशः सारखी असली, तरी पहिल्यामागे संतोष आहे आणि दुसऱ्यामागे बाह्य तुष्टी. पहिला नकार दिल्यानंतरच्या वर्षभरात माणसाचे काम अधिक खोल झालेले दिसते. आपले झाले आहे का, हे आपल्यालाच पाहावे लागेल.

आपण तबल्याचा उल्लेख केला आहे, म्हणून एक जवळचे उदाहरण देते. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेले एक कारागीर आहेत, ज्यांच्याकडे माझा तंबोरा मी वीस वर्षे नेते आहे. त्यांचे दुकान दहा बाय बारा फुटांचे असेल. आढ्याला सुकवलेले भोपळे टांगलेले, भिंतीला अर्धवट झालेल्या दांड्या टेकवलेल्या, आणि दाराजवळच्या उजेडात त्यांची बैठक. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत मोठ्या जागेच्या आणि वाढीव मागणीच्या गोष्टी चालू होत्या. मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मला आहे एवढं पुरतं, ताई.’’ त्या बोलण्यात कुणावर टीका नव्हती, की स्वतःच्या साधेपणाचे कौतुकही नव्हते.

तेच गृहस्थ जवारी लावायला बसतात, तेव्हा त्यांचे काय होते ते पाहण्यासारखे असते. तारा ज्या घोडीवरून जातात, तिच्या पृष्ठभागाला अगदी हलका उतार असतो. त्या उतारावर तार किती ठिकाणी आणि किती हळुवार टेकते, यावर तंबोऱ्याचा गुंजणारा नाद ठरतो. ते तार सैल करतात, घोडीवर कानस दोनदा अलगद फिरवतात, भुसा फुंकरतात, तार चढवतात, तिच्याखाली सुताचा धागा सरकवतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग पुन्हा तार सैल. मागच्या पावसाळ्यात खर्जाच्या, म्हणजे सर्वात खालच्या स्वराच्या, तारेसाठी त्यांनी माझा तंबोरा ठरल्या दिवसापेक्षा चार दिवस जास्त ठेवून घेतला. मला तो पहिल्याच दिवशी छान वाटला होता आणि मी तसे सांगितलेही होते. ते म्हणाले, ‘‘आवाज येतोय, पण उमलत नाही. मिटतोय लवकर.’’ त्या चार दिवसांचे त्यांनी एक रुपयाही जास्त घेतले नाहीत. याच वयात ते नव्या कृत्रिम साहित्याच्या घोड्यांवर हात बसवत आहेत आणि त्यासाठी पुतण्याकडून, जो त्यांचाच शिष्य आहे, बिनदिक्कत शिकून घेत आहेत.

दुकान, मिळकत आणि नाव यांबाबत हा माणूस पूर्ण तृप्त आहे. खर्जाच्या नादाबाबत मात्र तो तृप्त नाही, आणि या अतृप्तीने त्याची झोप उडत नाही. मला असे वाटते की दुकानाच्या बाबतीत तो शांत आहे, म्हणूनच त्याला तारेसाठी चार दिवस देता येतात. मोठ्या जागेचे भाडे डोक्यावर असते, तर पहिल्या दिवशी ‘छान झाले’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती तंबोरा देऊन त्याने पुढचा घेतला असता.

समाधान किती असावे, यापेक्षा ते कशाबद्दल असावे, हा विचार आपल्या परंपरांनी बारकाईने केलेला आहे. चाणक्यनीतीतील एक श्लोक पत्नी, भोजन आणि धन या तीन बाबतींत संतोष मानावा आणि अध्ययन, जप व दान या तीन बाबतींत मानू नये, असे सांगतो. अंगुत्तर निकाय या बौद्ध पाली ग्रंथात भगवान बुद्ध स्वतःच्या अनुभवातून कळलेल्या दोन गोष्टी सांगतात: कुशल धर्मांच्या, म्हणजे मनाच्या चांगल्या गुणांच्या, बाबतीत असंतुष्ट राहणे आणि प्रयत्नात मागे न हटणे. त्याच निकायात भिक्षूंच्या चार आर्यवंशांचे वर्णन आहे. मिळेल त्या चीवरात (भिक्षूच्या वस्त्रात), मिळेल त्या भिक्षेत आणि मिळेल त्या निवाऱ्यात संतुष्ट राहणे हे पहिले तीन. चौथ्या ठिकाणी, जेथे मनाच्या विकासाचा विषय येतो, तेथे संतुष्ट हा शब्दच नाही. तेथे ‘भावने’त, म्हणजे मन घडवण्याच्या साधनेत, रमणे आहे. आपण ज्या पद्धतीचे ध्यान करता तिची मुळे याच बौद्ध परंपरेत आहेत, म्हणून मी आपल्याला हा भाग नीट वाचायला सुचवते. त्या चारही ठिकाणी आणखी एक अट जोडलेली आहे: या गुणामुळे भिक्षू स्वतःला उंच मानत नाही आणि दुसऱ्याला हिणवत नाही. ही अट मला फार उपयोगी वाटते. बढतीसाठी धडपडणाऱ्या सहकाऱ्याकडे पाहून आपल्या मनात ‘बिचारा, अजून अडकलेला आहे’ असे येत असेल, तर जुनी तुलना गेलेली नाही. तिने फक्त जागा बदलली आहे.

याउलट, असंतोषाची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाभारतात ‘असन्तोषः श्रियो मूलम्’, म्हणजे असंतोष हे वैभवाचे मूळ, हे वचन सभापर्वात दुर्योधनाच्या तोंडी आहे. इंद्रप्रस्थातील पांडवांचे ऐश्वर्य पाहून होरपळलेला दुर्योधन हे आपल्या वडिलांना सांगतो, आणि त्यातून पुढे द्यूत उभे राहते. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तील सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात याच वचनाचा विचार करताना असंतोष सर्वस्वी त्याज्य नाही, असे दाखवले आहे, आणि ते मला पटते. पण ज्या असंतोषाचे इंधन शेजाऱ्याचे ताट आहे, तो माणसाला पळवत असला तरी वाढवतोच असे नाही. चार वर्षांपूर्वीचे आपले अर्ध्या रात्रीचे जागरण आपल्याला कोठे नेत होते, हे आपल्यालाच अधिक माहीत आहे. ती टोचणी परत यावी, असे कृपया इच्छू नका.

आधुनिक मानसशास्त्रातील संशोधन या प्रश्नावर काय सांगते, तेही थोडक्यात मांडते, कारण येथेच त्या किमतीचा हिशेब आहे. शिगेहिरो ओइशी, एड डीनर आणि रिचर्ड लुकास यांनी 2007 मध्ये माणूस गरजेपेक्षा जास्त सुखी असू शकतो का, हाच प्रश्न घेऊन अनेक सर्वेक्षणांतील माहिती तपासली. सर्वाधिक सुखी असलेल्यांचे नातेसंबंध आणि स्वयंसेवी कामातला सहभाग सर्वात चांगला आढळला. उत्पन्न, शिक्षण आणि राजकीय सहभाग मात्र त्यांच्यापेक्षा किंचित कमी सुखी असलेल्यांचा अधिक होता. म्हणजे पद, पदवी आणि पगार यांनाच वाढ म्हणायचे असेल, तर पूर्ण समाधानाने ती थोडी मंदावते, हे मान्य केले पाहिजे. अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि कॅथलीन व्होस यांच्या 2018 मधील प्रयोगांत कामापूर्वी थोडा वेळ ध्यान केलेल्या लोकांची ते काम करण्याची उत्सुकता घटली, पण कामाचा दर्जा घसरला नाही. हे प्रयोग काही मिनिटांच्या ध्यानाचे आहेत, चार वर्षांच्या साधनेचे नाहीत, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. तरी ‘उत्सुकता कमी झाली’ आणि ‘क्षमता कमी झाली’ ही दोन विधाने वेगळी ठेवावीत, एवढे त्यांतून घेता येते. याच्या जोडीला जुलियाना ब्रेन्स आणि सेरेना चेन यांचे 2012 मधील काम आहे. अवघड चाचणीत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे मायेने पाहायला लावले, त्यांनी पुढच्या चाचणीच्या तयारीला इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. स्वतःशी सलोखा असला की माणूस ढिला पडतो, हा समज निदान त्या प्रयोगांत टिकला नाही.

मला स्वतःला सर्वात उपयोगी पडते ती कॅरल रिफ यांनी 1989 मध्ये केलेली मांडणी. त्यांनी मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू वेगळे मोजले, आणि त्यांत स्वतःचा स्वीकार हा एक पैलू आहे, तर वैयक्तिक वाढ हा दुसरा. ही दोन मापे वेगळी असल्यामुळे एक भरलेले आणि दुसरे रिकामे असू शकते. आपल्या पत्रावरून आपले पहिले माप भरलेले दिसते. दुसऱ्याकडे पाहायचे राहून गेले आहे.

पुढचे काही लिहिण्यापूर्वी एका गोष्टीबद्दल मी आग्रह धरते. ‘काही नको वाटणे’ हे प्रत्येक वेळी समाधान नसते. नैराश्यातही इच्छा विझतात, आणि ज्याने ध्यान केले आहे त्याला त्या विझण्याला वैराग्य हे नाव देणे सोपे जाते. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेने अशा नावाखाली दीड वर्ष काढले होते. त्यांना राग येत नव्हता, लोभ नव्हता, अपेक्षा नव्हती. पण हापूसची पहिली पेटी घरी आली तेव्हा तिचा वासही आला नाही, हे त्या बोलता बोलता सांगून गेल्या, आणि तेथून आम्हाला धागा सापडला. समाधानी माणसाच्या इच्छा कमी होतात, आस्वाद कमी होत नाही. उलट तो वाढतो. म्हणून आपली झोप, भूक, हसणे, स्पर्श, गाणे ऐकताना होणारा आनंद, या गोष्टी पूर्वीइतक्या जिवंत आहेत का, ते तपासा. त्या मंदावल्या असतील आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तशाच असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, कारण थायरॉइडचे कार्य मंदावल्यानेही माणूस असाच संथ होतो. कामाने आलेला खोल थकवाही याच वेषात येतो. चार वर्षांपूर्वी आपण ज्या गतीने धावत होता, ती पाहता हे ‘थांबणे’ काही अंशी शरीराने मागून घेतलेली विश्रांतीही असेल, आणि तसे असेल तर तिला वाढीचा शत्रू ठरवण्याची घाई करू नये.

हे सारे ठीक असेल, तर समाधान आणि वाढ यांचे नाते मला लहान मुलात सर्वात स्पष्ट दिसते. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि नंतर अमेरिकेत आई व तान्ह्या मुलांचे निरीक्षण करून जे मांडले, ते कोणत्याही एस. टी. स्थानकावर पाहायला मिळते. दीड वर्षाचे मूल आईच्या मांडीवरून उतरते, पाच पावले जाते, खालचा खडा उचलते, वळून पाहते. आई तेथेच आहे असे दिसले की आठ पावले जाते. ज्याला आई सापडेल याची खात्री नाही, ते एक तर पदराला धरून बसते, नाही तर खेळताना अर्धे लक्ष मागे ठेवते. सुरक्षित मूलच दूरवर शोध घेते. आपल्याला ध्यानातून मिळालेले समाधान हे त्या मांडीसारखे आहे, आणि ते मिळवायला आपण चार वर्षे दिली आहेत, याचे मला मनापासून मोल वाटते. प्रश्न इतकाच आहे की आपण त्या मांडीवरून उतरता का. जे मूल आईजवळ अत्यंत शांत आहे पण खाली उतरतच नाही, त्याची आईला काळजी वाटते. आपल्या पत्नीचे वाक्य मला त्या काळजीतून आलेले वाटते.

त्या वाक्याबद्दल आणखी एक बाजू आहे, आणि ती थोडी कठोर आहे. संतोष हा स्वतः पाळायचा नियम आहे. तो दुसऱ्याच्या वतीने पाळता येत नाही. आपल्या घरात स्त्रियांना, सुनांना, गरिबांना ‘समाधान मान’ असे पिढ्यान्पिढ्या ऐकवले गेले, आणि त्यात संतोषाच्या नावाखाली कितीतरी अन्याय खपून गेला. आपण बढती नाकारली, तेव्हा घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीचे शिक्षण, दोन्हीकडच्या आईवडिलांचे औषधपाणी यांचा भार कोणावर सरकला, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. कदाचित काहीच सरकले नसेल. पण एकाचे समाधान दुसऱ्याच्या धावपळीवर उभे असेल, तर ते व्यासभाष्याच्या व्याख्येतही बसत नाही, कारण तेथे हाताशी असलेली साधने ही आपली स्वतःची साधने आहेत.

आता करायचे काय. नोकरी बदलू नका, नवे मोठे ध्येय ठरवू नका, ध्यान कमी करू नका. तबला पुन्हा काढा. विशारदच्या परीक्षेचा अर्ज भरू नका; आपल्या गुरूंकडे, ते शक्य नसेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाकडे, आठवड्यातून एकदा जा आणि रोज 40 मिनिटे, ध्यानानंतर लगेच, एकच कायदा, म्हणजे विस्तार करत वाजवायची ठरलेली बोलरचना, वाजवा. तबलाच का, असे आपण विचाराल. कारण तबल्यात चूक लपत नाही. नोकरीतले आपले काम आता इतके अंगवळणी पडले असेल की त्यात चूक दिसण्याची वेळच येत नसेल, आणि चूक दिसत नाही तेथे आपण समाधानी आहोत की केवळ सरावलेले आहोत, हे कळत नाही. वीस वर्षे रोज गाडी चालवणारा माणूस वीस वर्षे सुधारत राहत नाही. पहिल्या वर्षानंतर तो फक्त गाडी चालवतो.

पहिल्या दोन आठवड्यांत बोटे जड वाटतील. बरोबरीच्या लयीत तिरकिट हा बोल ठीक निघेल आणि दुगुणीत, म्हणजे दुप्पट गतीत, तो चिकटेल, जो चार वर्षांपूर्वी चिकटत नव्हता. त्या क्षणाकडे नीट लक्ष द्या. ‘हे आता कशाला, मी आहे तसा सुखी आहे’ असे शांतपणे मनात आले, तर ती तुष्टी बोलते आहे, हे ओळखा. कपाळावर आठी पडून ‘माझ्याबरोबरचे विशारद होऊन बसले’ असे आले, तर ती जुनी टोचणी आहे. आणि बोटे चिकटली याचे वाईट न वाटता केवळ कुतूहलाने लय उतरवून तेच बोल पुन्हा वाजवावेसे वाटले, तर आपले समाधान खरे आहे आणि आपली वाढ त्याच्याच आधाराने सुरू झाली आहे. बहुतेकांच्या बाबतीत एकाच बैठकीत हे तिन्ही येऊन जातात; तसे झाल्यास घाबरू नये.

एक संध्याकाळ पत्नीसाठी राखून ठेवा आणि तिला ‘थांबला आहेस’ या वाक्याचा अर्थ विचारा. तिला बढती अभिप्रेत होती, तबला होता, की रोज सकाळच्या त्या तासात आणि त्यानंतरच्या आपल्या शांततेत तिला जागा राहिली नाही हे सांगायचे होते, ते तिच्याकडूनच कळेल. तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत ध्यान, समत्व, अनित्यता यांतला एकही शब्द मध्ये आणू नका.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा कळवा. कायदा किती बसला, याबरोबरच दुगुणीत बोल चुकत असताना मनात काय चालले होते, ते सविस्तर लिहा. त्यावरून पुढचे ठरवू.